पंच ओव्हाळ आणि राजाची उडी

राजरत्न ओव्हाळ यांना अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातली बुद्धिबळ खेळणारी निदान चारशे मुलं ओळखतात, आणि त्यातली साडेतीनशे त्यांना घाबरतात. उरलेल्या पन्नासांवर त्यांच्यासमोर कॅसलिंग करायची वेळ अजून आलेली नाही. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवायचे आणि राजाला कोपऱ्यात नीट बसवायचं. हे एकाच हाताने करायचं असतं, आणि आधी राजाला हात लावायचा असतो. मुलं घाईत दोन्ही हात घालतात. मग मागून अगदी हळू आवाज येतो, "बाळ, एक हात." हात लागला ती सोंगटी हलवावीच लागते, त्यामुळे आधी हत्तीला बोट लागलं असेल तर, "बाळ, आता फक्त हत्ती." ओव्हाळ सर कधीच ओरडत नाहीत. ओरडले असते तर मुलांना एवढी भीती वाटली नसती.

मी बदलापूरला बेलवलीत माझ्या घरातच बुद्धिबळाचा क्लास घेते, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. क्लासच्या चौथ्या वर्षी हे गृहस्थ त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, मैत्रेयीला, घेऊन आले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आलं, कोण सात मिनिटं उशिरा आलं, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. मुलीला सोडून ते घरी जात नसत, बाहेर पायरीवर बसून राहत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला दारातूनच विचारलं, "मॅडम, या खेळाचे नियम कुठे छापलेले आहेत का?"

मी त्यांना नियमांचं पुस्तक दिलं. ते त्यांनी परत केलं नाही. म्हणजे ढापलं नाही, झेरॉक्स करून मूळ प्रत कव्हर घालून परत आणून दिली, पण त्या दिवसापासून ते पुस्तक त्यांचंच झालं. त्यांचे वडील भीमराव कारखान्यात फिटर होते आणि घरी एकच शिस्त होती, कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि बोलायचंही नाही. ओव्हाळ सरांनी तो कागद पूर्ण वाचला. महिन्याभरात त्यांनी भर क्लासमध्ये, अत्यंत अदबीने, माझी एक चूक काढली. प्यादं दोन घरं पुढे गेलं की शेजारचं प्यादं त्याला जाता जाता मारू शकतं, पण ते लगेच पुढच्याच खेळीत मारावं लागतं. मी एका मुलाला दोन खेळ्यांनंतर मारू दिलं होतं. पायरीवरून हात वर आला होता.

आठ महिन्यांनी मैत्रेयीने बुद्धिबळ सोडून कथक धरलं. वडील मात्र सोडून जाईनात. पंचांची परीक्षा दिली, पास झाले, आणि तेव्हापासून आमच्या भागातली कुठलीही स्पर्धा त्यांच्याशिवाय होत नाही. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, गळ्यात ओळखपत्र. त्यांच्या मिसेस भावनाताई उल्हासनगरला पोस्टात आहेत. त्या म्हणतात, "आमच्याकडे चहाच्या कपाला हात लागला की तो प्यावाच लागतो, मॅडम. कप बदलता येत नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. इतक्या वर्षांत मी ओव्हाळ सरांना एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. कुणी म्हटलं, "सर, एक डाव होऊ द्या," की त्यांना घड्याळांच्या बॅटऱ्या तपासायच्या असत. एकदा स्पर्धा संपल्यावर मी त्यांना रिकाम्या हॉलमध्ये एकटंच पटासमोर बसलेलं पाहिलं. एका डावाची पुस्तकातली मांडणी करत होते. घोडा उचलला, अर्ध्यावर थांबले, परत ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, "आता घोडाच." मी आल्या पावली मागे फिरले. माणसाला कायदा तोंडपाठ होता, पण डाव खेळता येत नव्हता. मी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त भावनाताईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मला लग्नाआधीपासून माहीत आहे. कॅरमही असाच."

गेल्या वर्षी भीमजयंतीनिमित्त विहाराच्या सभागृहात आम्ही स्पर्धा ठेवली होती. बदलापूरजवळच्या चामटोली गावाहून शलाका नावाची अकरा वर्षांची मुलगी आली होती. माझ्याकडे नवीन होती. नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर क्लासला मुलींचा जो लोंढा आला, त्यातली ही एक. तिच्याबरोबर तिची आजी बनूबाई आली होती. सत्तरीची बाई, नऊवारी, कानात बुगडी, हातात डब्याची पिशवी. आजी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून सरावाचा एक डाव बघत होती आणि दर दोन खेळ्यांनी जिभेने टक् टक् करत होती. ते टक् टक् बरोबर चुकीच्या खेळीला यायचं.

"आजी, तुम्ही खेळता?" मी विचारलं.

"खेळायची. आता कोण हाय खेळायला? पोरं तुमच्याकडं येतात."

नेमके त्या दिवशी एकोणसाठ खेळाडू झाले होते. विषम संख्या असली की दर फेरीत एकाला बिनखेळता गुण द्यावा लागतो आणि एवढ्या लांबून आलेला खेळाडू हिरमुसून बसतो. मी बनूबाईंचं नाव साठावं म्हणून लिहून टाकलं. ओव्हाळ सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "यांना नियम माहीत आहेत?"

"तुमच्यापेक्षा आधीपासून खेळतायत," मी म्हटलं. हे खरं होतं. त्यांनी विचारलेलं ते हे नव्हतं, हेही खरं होतं.

पहिल्याच फेरीत बनूबाईंची गाठ मधु रूपचंदानींशी पडली. मधुभाईंचं उल्हासनगरला जीन्सच्या चेन-बटणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते मोबाइलवर डावांचे व्हिडिओ बघतात. त्यांनी पांढऱ्या सोंगट्या घेऊन झटपट इटालियन पद्धतीची सुरुवात केली. घोडा बाहेर, उंट बाहेर, नजर थेट काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर. बनूबाई काळ्याने खेळत होत्या. त्यांनी आधी तक्रार केली, की राजासमोर राजा कशाला मांडलाय, वजीर असतो समोर. मग त्यांनी एकेक प्यादं एकेकच घर पुढे सारायला सुरुवात केली. दोन घरं एकदाही नाही. मुलांना मी शिकवते की मधली घरं पटकन धरा, सोंगट्या बाहेर काढा. बनूबाई तसं काहीच करत नव्हत्या. भाताच्या खाचराला बांध घालावा तशी त्यांनी पटभर प्याद्यांची ओळ घातली, आणि मधुभाईंचा तो तेज उंट बांधाशी येऊन थांबला. पुस्तकात अशा बचावाला मोठी नावं आहेत. बनूबाई त्याला "सावकाश" म्हणत होत्या.

तेराव्या खेळीला त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून प्याद्यांच्या आड ठेवला.

मधुभाईंनी हात वर केला. "साहब, ये क्या है? राजा कूद गया."

ओव्हाळ सर आले. "आजी, राजाला एकच घर चालतं."

"ठावं हाय. पर एक उडी असते त्याला. पहिला शह बसायच्या आधी."

"नसते."

"आमच्यात असते."

"इथे नसते, आजी," सर म्हणाले. आवाजात जराही कडूपणा नव्हता. त्यांनी राजा परत जागेवर ठेवला, मधुभाईंच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली आणि समजावून सांगितलं, "ही पहिली नियमबाह्य खेळी. दुसरी झाली तर डाव हरलात असं मला द्यावं लागेल. आणि आता राजाला हात लावलाय, तर राजाच हलवावा लागेल."

बनूबाईंनी त्यांच्याकडे, शाळेतल्या नव्या मास्तरांकडे बघावं तसं बघितलं आणि राजा एक घर सरकवला.

त्यानंतरची वीस मिनिटं मी माझं बाकीचं काम विसरले. मधुभाईंचा हल्ला बांधावर आपटून आपटून थकला. सोंगट्या कटल्या. बनूबाईंचं डावीकडचं एक प्यादं, घोड्याच्या रांगेतलं, हळूहळू शेवटच्या घरापर्यंत पोचलं. शेवटी पोचलेल्या प्याद्याचा बढती देऊन वजीर करतात, जगातले बहुतेक सगळे लोक तेच करतात. मधुभाईंनी सौजन्याने काळा वजीर शोधायला सुरुवात केली.

"वजीर नको, घोडा दे," बनूबाई म्हणाल्या. "घोड्याच्या घरात पोचलाय तो. आणि माझा घोडा मेलेला हाय."

"माई, वजीर लो ना. ताकदवर होता है."

"घोड्याच्या घरात वजीर कसा होईल?"

मधुभाईंनी ओव्हाळ सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "घोडा घेता येतो. नियमात आहे." त्या घोड्याने एकाच वेळी मधुभाईंच्या राजाला शह दिला आणि वजिरावर पाय ठेवला. राजा हलवल्याशिवाय इलाज नव्हता आणि वजीर गेला. मधुभाई म्हणाले, "वरी साईं, ये तो व्हिडिओ में भी नहीं था."

आता बनूबाई जिंकल्यात जमा होत्या. दुसरं एक प्यादं वजिराच्या रांगेतून शेवटच्या घरात गेलं. त्यांनी ते तिथेच तसंच ठेवलं, घड्याळाचं बटण दाबलं आणि पदर सावरून बसल्या.

ओव्हाळ सर शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पडलेला मी स्पष्ट पाहिला.

"आजी, प्याद्याच्या जागी सोंगटी ठेवायला हवी होती. बटण दाबायच्या आधी."

"कुठली ठेवू? वजीर तर जिता हाय माझा. एका राज्यात दोन वजीर कसे? तो तिथंच थांबतो. वजीर मेला तर उठतो."

मधुभाईंनीच आधी तोंड उघडलं. "साहब, जाने दो. मेरे को चलेगा. मैं तो ऐसे भी हारा हुआ है."

"तुम्हाला चालून उपयोग नाही, मधुभाई," सर म्हणाले. "दुसरी नियमबाह्य खेळी आहे." त्यांनी घड्याळ थांबवलं आणि कागदावर मधुभाईंच्या नावापुढे एक लिहिलं. लिहिताना पेन चाललं नाही, म्हणून दुसरं काढलं.

शलाका तोंड फुगवून आजीजवळ आली होती. मीसुद्धा मनातून सरांवर चिडलेच होते, जरी त्यांच्या जागी दुसरं काहीच करता आलं नसतं हे मला कळत होतं. बनूबाई मात्र शांत होत्या. पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तुझा. हे तुझा घर, इथं तुझा कायदा. चामटोलीला ये कधी, तिथं माझा."

पुढच्या चारही फेऱ्या त्या खेळल्या. राजाची उडी नाही, थांबलेलं प्यादं नाही. दोन जिंकल्या, दोन हरल्या.

"ये कधी" असं आपण दहा जणांना म्हणतो आणि कुणी येत नाही. पण ओव्हाळ सरांच्या लेखी बोललेलं वाक्य म्हणजे हात लावलेली सोंगटी. सोमवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, रविवारी चामटोलीला जायचं आहे. तुम्ही याल का? दोन्ही बाजू जाणणारं कुणीतरी हवं."

"सर, तुम्ही खेळणार?"

"आमंत्रण खेळायचं आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गेलो. बनूबाईंच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. शलाका दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती. बनूबाईंनी ट्रंकेतून कापडी पट काढला, लाल-पिवळ्या तुकड्यांचा, हाताने शिवलेला, आणि लाकडी सोंगट्या. एका उंटाची मान तुटून पुन्हा चिकटवलेली होती.

"ह्या माझ्या बापाच्या, कोंडाजीच्या," त्या म्हणाल्या. "त्याचे डोळे गेले पन्नाशीत. खेळायचा नाद सुटंना. मग समोरच्याने काय हलवला ते मी त्याला सांगायची, आणि तो सांगंल ते मी हलवायची. मी नऊ वर्षांची होते. तीन वर्षांनी एकदा त्याने सांगितलेला मी हलवलाच नाय, माझ्या मनातला हलवला. डाव जिंकला. बापाला कळला. काय बोलला नाय, फक्त बोलला, आता तू खेळ, मी ऐकतो."

हे ऐकताना ओव्हाळ सरांनी वही उघडली होती, पण लिहिलं काहीच नाही.

डाव सुरू झाला. राजासमोर वजीर मांडला. सरांनी प्यादं दोन घरं टाकलं. "एकच," बनूबाई म्हणाल्या. सरांनी मागे घेतलं. सहाव्या-सातव्या खेळीला सरांनी उजव्या हाताने, आधी राजा आणि मग हत्ती, अगदी पुस्तकातल्यासारखं कॅसलिंग केलं. इतकं स्वच्छ कॅसलिंग मी आयुष्यात पाहिलं नाही.

"हे काय केला?" बनूबाईंनी विचारलं.

"कॅसलिंग. राजा सुरक्षित जागी…"

"एका खेळीत दोन सोंगट्या? एकाला सोडून दुसरा पण? इथं नसतं असा."

दारातून शलाका खुदकन हसली. सरांनी राजा परत ठेवला, हत्ती परत ठेवला, आणि विचारलं, "याला शिक्षा काय असते?"

"शिक्षा?"

"नियमबाह्य खेळीला. आमच्याकडे दोन मिनिटं असतात."

बनूबाईंनी विचार केला. "ऊन वाढला. मिरच्या हलवून ये तेवढ्या."

आणि राज्य स्तरावरचे मान्यताप्राप्त पंच श्री. ओव्हाळ उठले, शर्टाला हात लागू नयेत म्हणून कोपरं वर धरून त्यांनी अंगणभर मिरच्या उलथल्या आणि परत येऊन बसले. नंतर नकळत चष्मा पुसताना डोळ्याला हात लागला. पुढच्या दहा खेळ्या ते एका डोळ्याने खेळले. दोन डोळ्यांनी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही.

ते वाईट खेळत होते. घोडा फुकट गेला, हत्ती फुकट गेला. पण एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही की उठायचं निमित्त काढलं नाही. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एकच उंट उरला. बनूबाईंना तो उंट सहज मारता येत होता, तरी त्या मारेनात.

"घेत का नाही?" सरांनी विचारलं.

"घेतला तर तुझ्याजवळ काय ऱ्हाईल? नागड्या राजाला मारण्यात काय हाय? आमच्यात त्याला बुर्जी म्हणतात. डाव अर्धा होतो. मला पुरा पायजे." आणि त्यांनी चार खेळ्यांत, उंट जागच्या जागी ठेवून, सरांच्या राजाला एका साध्या प्याद्याने मात दिली. प्याद्याची मात म्हणजे चामटोलीत सर्वांत मानाची, हे त्यांनी नंतर सांगितलं.

सरांनी मात झालेला राजा हळूच आडवा केला. मला वाटलं ओशाळले. पण ते म्हणाले, "म्हणजे जिंकणाऱ्याला हरणाऱ्याची एक सोंगटी जपावी लागते."

"व्हय तर."

"हा फार चांगला नियम आहे," ते म्हणाले आणि आता वहीत लिहायला लागले.

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार ते चामटोलीला जातात. कंपनीतून निवृत्त झालेत, वेळ आहे. चामटोली बुद्धिबळाची नियमावली तयार होते आहे. सतरा कलमं, पोटकलमं वेगळी. बनूबाई प्रत्येक कलम वाचून घेतात आणि निम्म्यांना "असा कोण बोलला?" म्हणतात. मध्यंतरी सरांनी कुठेतरी वाचलं, की शंभर वर्षांपूर्वी मीर सुलतान खान नावाचा आपल्या इकडचाच माणूस देशी नियमांवर खेळ शिकला, मोठेपणी विलायती नियम शिकून घेतले आणि तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. त्यांनी ते बनूबाईंना उत्साहाने सांगितलं. बनूबाईंनी एवढंच विचारलं, "आणि त्याला कुणी बाद नाय केला?" सरांनी बराच वेळ वहीत डोकं घातलं.

खेळात त्यांची फार प्रगती नाही. आतापर्यंत एकतीस डाव हरले आणि एक बुर्जी झाला, तोही बनूबाई फोनवर बोलत असताना चुकून उंट मारला गेला म्हणून. त्या अर्ध्या डावाची बातमी त्यांनी मला, भावनाताईंना आणि नाशिकला नोकरी करणाऱ्या मैत्रेयीला त्याच संध्याकाळी कळवली. स्पर्धांमध्ये मात्र आता एक बदल दिसतो. नवख्या खेळाडूसमोर, मग तो सहा वर्षांचा असो की साठ, ते डाव सुरू व्हायच्या आधी वाकून विचारतात, "तुमच्याकडे कसं खेळतात?" त्यानंतरही "एक हात" म्हणतातच.

सध्या काम अकराव्या कलमापाशी अडलंय. राजाला एकदा शह बसला की त्याची उडी जाते, असं बनूबाई सांगतात. पण बदलापूर गावातले नाथा म्हणून एक म्हातारे आहेत, ते म्हणतात की शह बसला तरी उडी राहते, ती फक्त राजा जागेवरून हलला तरच जाते. ओव्हाळ सर गेल्या आठवड्यात त्यांना भेटून आले आणि येताना दुसरी वही विकत घेतली. बनूबाईंना त्यांनी हा मतभेद अतिशय जपून, दोन्ही बाजूंचा मान राखत सांगितला. त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, बदलापूर गावचे लोक पहिल्यापासूनच चुकीचा खेळतात.